एकेक मोहर

रिचर्ड गॅरियट १९८० च्या दशकात अमेरिकेत संगणकावरचे खेळ बनवत होता. आपला खेळ लोक कसा खेळतात हे त्याला त्यांच्या पत्रांतून कळायचं, आणि जे कळायचं त्यानं तो अस्वस्थ व्हायचा. दुकानदाराला लुटायचं, वाटेत येईल त्या गावकऱ्याला मारायचं, सोनं गोळा करायचं आणि शेवटी दुष्ट जादूगाराला संपवून जगाचा तारणहार म्हणून मिरवायचं, असा सगळा प्रकार. म्हणून १९८५ साली आलेल्या ‘अल्टिमा ४’ या खेळात त्यानं शेवटी मारायला खलनायकच ठेवला नाही. खेळणाऱ्यानं आठ सद्गुण अंगी बाणवायचे आणि ‘अवतार’ व्हायचं. प्रत्येक गुणाचं एक देवस्थान, प्रत्येकाचा एक मंत्र, आणि तिथं जाऊन ध्यानाला बसायचं. अध्यात्माच्या देवस्थानाचा मंत्र ‘ओम’ आहे. हिंदू धर्मावरच्या एका टीव्ही कार्यक्रमावरून आपल्याला हे सुचलं, असं गॅरियटनं पुढे सांगितलं आहे.

या खेळात वनौषधी विकणारे लोक आंधळे असतात. किती पैसे दिले हे तुम्ही सांगाल तेच ते खरं मानतात. कमी दिलेत तर कुणी ओरडत नाही, शिपाई धावून येत नाहीत. फक्त आत कुठेतरी तुमचा प्रामाणिकपणाचा आकडा घसरतो. वैद्याकडे रक्त दिलंत तर त्यागाचा आकडा वाढतो. रस्त्यावरच्या भिकाऱ्याला मोहर दिलीत तर करुणेचा. हे आकडे खेळाडूला दिसत नाहीत. राजवाड्यात एक द्रष्टा बसलेला असतो, त्याला जाऊन विचारायचं की मी कुठवर आलो, आणि तो गोलमाल शब्दांत सांगतो.

मग खेळणाऱ्यांच्या लक्षात आलं की भिकाऱ्याला किती दिलं याला महत्त्व नाही, किती वेळा दिलं याला आहे. झालं, लोक एकेक मोहर देऊ लागले. एक दिली, पुन्हा त्याच भिकाऱ्याशी बोलले, पुन्हा एक दिली. करुणा पूर्ण होईपर्यंत.

हे ऐकून अनेकांना वाईट वाटतं. मला त्या एकेक मोहर देणाऱ्याबद्दल आपुलकीच वाटते, कारण मी त्याला ओळखते. लहानपणी संध्याकाळी दिव्यापुढे बसून आम्ही भावंडं संकटनाशन गणेशस्तोत्र म्हणायचो. त्यात स्वच्छ लिहिलं आहे: ‘विद्यार्थी लभते विद्यां धनार्थी लभते धनम्’. पुढे मुदतही दिली आहे, सहा महिन्यांत फळ आणि वर्षभरात सिद्धी. वार्षिक परीक्षा जवळ आली की माझा आवाज त्या ओळीवर आपोआप चढायचा. आपल्या बहुतेक स्तोत्रांना, व्रतांना, पोथ्यांना फलश्रुती असते, आणि ती लिहिणारी माणसं भाबडी नव्हती. माणूस देवाच्या दारात पहिल्यांदा येतो तो बहुधा काहीतरी मागायला येतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. येऊ दे मागायला, दार उघडं ठेवा, असा तो हिशोब आहे. मला त्यात मोठं शहाणपण दिसतं.

एकट्यानं खेळायच्या खेळात भिकारी हा शेवटी आज्ञावलीचा तुकडा असतो. समोर खरी माणसं आली की प्रश्न वेगळाच होतो. १९९७ साली ‘अल्टिमा ऑनलाइन’ आला, हजारो माणसं एकाच काल्पनिक राज्यात वावरू लागली, आणि पहिल्या काही वर्षांत तिथं नवख्यांची इतकी लूटमार झाली की २००० साली कंपनीला त्या जगाची एक दुसरी प्रत काढून तिथं परस्परांना मारणंच बंद करावं लागलं. सद्गुणांचं राज्य कायद्यानं आणावं लागलं. तेव्हापासून अशी जगं उभारणारे लोक एकाच गोष्टीमागे आहेत: वाईट वागणाऱ्याला शिक्षा करणं सोपं, पण चांगलं वागणाऱ्याला काय द्यायचं?

माझा भाचा ‘फायनल फँटसी १४’ खेळतो. जपानी कंपनीचा खेळ, जगभरची माणसं त्यात असतात. अनोळखी चारजण किंवा आठजण एकत्र येऊन एखादी गुहा पार करतात आणि शेवटी प्रत्येकाला त्यातल्या एकाला ‘कमेंडेशन’ देता येतं, म्हणजे एक शाबासकी. आपल्याबरोबर ठरवून आलेल्या मित्राला ती देता येत नाही, आणि मिळणाऱ्याला कुणी दिली हे कळत नाही. हा नियम ज्यानं केला त्याला माणसं कळत असावीत. दान देणाऱ्याचं नाव झाकलं की परतफेडीची वाटच बंद होते.

पण त्या शाबासक्यांचीही बेरीज होते. १,५०० झाल्या आणि इतर काही अटी पुऱ्या केल्या की ‘मेंटॉर’ होता येतं आणि नावापुढे छोटा मुकुट लागतो. नव्या खेळाडूच्या नावापुढे हिरवं रोपटं असतं. मुकुटवाल्यानं रोपटंवाल्याला सांभाळून घ्यावं, अशी योजना आहे. मेंटॉरनं मदतीच्या फेऱ्या मारत राहाव्यात म्हणून आणखी एक बक्षीस आहे: अशा २,००० फेऱ्या झाल्या की एक देखणा पांढरा घोडा मिळतो. व्हायचं तेच झालं. घोड्यासाठी मुकुट घेतलेले लोक आले, नवख्यावर खेकसू लागले, आणि खेळाडूंमध्ये मुकुट ही चेष्टेची गोष्ट झाली. अनेक सज्जन मेंटॉर आता मुकुट लपवून खेळतात.

भाच्याला मी विचारलं, मग तू का घेतलास? तो म्हणाला, “घोडा पाहिजे होता, मावशी. पण त्या फेऱ्यांत काय होतं माहितीये? कुणीतरी पहिल्यांदाच आलेलं असतं, घाबरलेलं असतं, सतरा वेळा सॉरी म्हणतं. मग आपण सांगतो, थांब, घाई नाही. एकदा एक बाई होती, तिच्या हाताला काहीतरी झालेलं, बटणं हळू दाबायची. आम्ही सातजण तिच्यासाठी थांबलो. तेव्हा घोडा डोक्यात नव्हता.”

शेवटच्या वाक्याला तो थोडा लाजला. मला ते वाक्य फार मोलाचं वाटतं. घोड्यासाठी निघालेला मुलगा वाटेत कुणासाठी तरी थांबला, आणि थांबताना घोडा विसरला. घोडा नसता तर तो त्या फेरीला गेलाच नसता, आणि ती बाई त्याला भेटलीच नसती.

याच खेळात मे २०२१ मध्ये जे घडलं त्याची छायाचित्रं त्यानं मला दाखवली. केंतारो मिउरा हे जपानी चित्रकथाकार वारले. त्यांच्या नायकाची छाप या खेळातल्या काळ्या चिलखताच्या योद्ध्यावर आहे. बातमी कळली तशी निरनिराळ्या सर्व्हरवर माणसं तो वेश चढवून, मोठी तलवार घेऊन रस्त्याच्या दोन्ही कडांना रांगेनं उभी राहिली. बोलणं नाही, लढाई नाही. त्या उभं राहण्याला खेळात कसलेही गुण मिळत नाहीत. कुणी बोलावलं नव्हतं, तरी जगाच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत लोकांना एकच गोष्ट करावीशी वाटली.

धर्माच्या जाणकारांनी या जगाकडे बराच काळ संशयानं पाहिलं, आणि त्यांची शंका फालतू नव्हती. व्हॅटिकननं २००२ साली एका दस्तऐवजात स्पष्ट केलं की इंटरनेटवर चर्चचे धार्मिक संस्कार होत नाहीत. पाणी, भाकर, तेल, हाताचा स्पर्श याला पर्याय नाही. दोनच वर्षांनी, मे २००४ मध्ये, ब्रिटनमध्ये मेथडिस्ट चर्चच्या पैशातून ‘चर्च ऑफ फूल्स’ नावाचं एक त्रिमित प्रार्थनास्थळ इंटरनेटवर उघडलं. पहिलं प्रवचन लंडनच्या बिशपनं दिलं. आत गेलं की तुमची एक छोटी आकृती असायची. तिला बाकावर बसवता यायचं, हात वर करायला लावता यायचं, गुडघ्यांवर टेकवता यायचं. जागा थोडी असल्यानं बाकीचे अदृश्य भुतासारखे फिरायचे. आणि पहिल्या दिवसांतच टवाळ पोरं घुसली. व्यासपीठावर चढून शिव्या देणं, सैतानाच्या नावानं ओरडणं. शेवटी व्यवस्थापकांना अशांना बाहेर काढायचं एक बटण द्यावं लागलं.

टवाळखोरी अपेक्षितच होती. मी थबकते ते गुडघे टेकण्यापाशी. एका बोटानं एक कळ दाबली की आकृती गुडघे टेकते. गुडघा दुखत नाही, कपडे मळत नाहीत, शेजारचा बघतोय म्हणून संकोच नाही. इतक्या स्वस्तात झालेली क्रिया खरी कशी? आणि तरीही तिथं गेलेल्या अनेकांनी सांगितलं की आकृतीला गुडघे टेकवताना आपल्या आत काहीतरी हललं. काही महिन्यांनी सामूहिक उपासना बंद झाल्यावरही त्या वास्तूत एकट्यानं फिरता येईल अशी सोय होती, आणि माणसं जात राहिली. रिकाम्या चर्चमध्ये, कुणीही बघत नसताना, पडद्यावरच्या एका चित्राला वाकवायला. तिथं देखावा कुणासाठी करायचा?

इंटरनेटवरच्या ‘सेकंड लाइफ’ या काल्पनिक जगात पुढे अँग्लिकन कॅथीड्रल उभं राहिलं, मशिदी झाल्या, देवळं झाली. मला त्यातलं सगळ्यात भावलं ते बौद्ध ध्यानकेंद्र. ग्रेगरी ग्रीव्ह नावाच्या अभ्यासकानं तिथं बराच काळ घालवला आहे. त्या जगात उडता येतं, नाचता येतं, घरं बांधता येतात, हवं ते नेसता येतं. ते सगळं सोडून ही माणसं ठरलेल्या वेळी आपल्या आकृत्या आसनावर बसवतात आणि गप्प राहतात. पडद्यावर काहीच घडत नाही. घंटा वाजते, शांतता, पुन्हा घंटा. आपापल्या घरी, आपापल्या खुर्चीत, वेगवेगळ्या देशांत बसलेली माणसं एकमेकांना फक्त सोबत देतात. एकट्यानं बसवत नाही, म्हणून.

हे मला कळतं कारण २०२० ची आषाढी मी आईबरोबर घरात काढली. त्या वर्षी करोनामुळे पायी वारी झाली नाही, पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. आई टॅब्लेटसमोर बसली होती, अंघोळ करून, लुगडं नेसून, चपला खोलीबाहेर काढून. माझा भाऊ सोफ्यावर आडवा होऊन बघत होता. आई त्याच्यावर कडाडली, “पांडुरंग समोर उभा आहे आणि तू लोळतोस?” भाऊ उठून बसला. तो देव मानत नाही, तरी उठला. त्या दिवशी त्या खोलीत कोण उभं होतं याचा निर्णय माझ्यापुरता आईनं लावून टाकला आहे.

आईचा एक जपाचा ग्रुपही आहे, व्हॉट्सॲपवर. असे ग्रुप महाराष्ट्रात गावोगाव आहेत. तिचा ग्रुप गोंदवलेकर महाराजांना मानणाऱ्यांचा. ‘श्रीराम जय राम जय जय राम’ हा तेरा अक्षरांचा मंत्र, आणि सगळ्यांनी मिळून तेरा कोटी जपाचा संकल्प. रोज रात्री प्रत्येकानं आपला आकडा टाकायचा. बँकेतून निवृत्त झालेले एक काका बेरीज करतात आणि सकाळी एकूण जप कळवतात. माळा मोजायच्या, आकडे जाहीर करायचे, वर त्यावर हात जोडल्याची चित्रं यायची. मला हे बरेच दिवस खटकायचं. नामस्मरण ही काय जाहीर करायची गोष्ट? कुणाचा आकडा मोठा यावर नकळत चढाओढ होणारच, आणि होत होतीही. नाशिकच्या एक काकू रोज सगळ्यांच्या वर असायच्या आणि ते त्यांना आवडायचं, हे त्यांच्या निरोपांतून दिसायचं.

मग एकदा त्यांचा आकडा आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. रोज शे-दीडशे आकडे येणाऱ्या त्या ग्रुपमध्ये एका रिकाम्या ओळीकडे बेरीज करणाऱ्या काकांचं लक्ष गेलं आणि त्यांनी फोन केला. काकूंच्या यजमानांना पक्षाघात झाला होता; त्या दवाखान्यात होत्या, मुलगा परदेशात, शेजारी नवे. काकांनी ग्रुपवर कळवलं. नाशिकमधल्या दोघींनी, ज्या काकूंना कधी प्रत्यक्ष भेटल्या नव्हत्या, डब्याची पाळी लावून घेतली. आणि त्या रात्रीपासून आकड्यांच्या पुढे एक नवी गोष्ट दिसू लागली. कुणीतरी लिहिलं, “आज अकरा माळा. त्यातल्या पाच काकूंच्या नावावर.” दुसऱ्यानं लिहिलं, “सहा, सगळ्या काकूंच्या.” काकूंनी काहीच न करता त्यांचा आकडा रोज येत राहिला. बेरीज करणाऱ्या काकांनी तो त्यांच्या नावापुढे व्यवस्थित मांडला.

धर्मशास्त्राच्या दृष्टीनं असं पुण्य दुसऱ्याच्या खात्यावर टाकता येतं का, यावर विद्वान वाद घालतील. मी त्या वादात पडत नाही. मला दिसलं ते इतकंच की ज्या मोजणीला मी दिखाऊ समजत होते त्याच मोजणीमुळे एका बाईचं गप्प होणं कुणाच्या तरी ध्यानात आलं. जिथं कुणी काहीच मोजत नाही तिथं कोण हरवलं हेही कळत नाही. आणि माणसांच्या हातात एखादं नाणं दिलं, मग ते जपाचं असो की शाबासकीचं, की त्यातली काही जण ते साठवतात आणि काही जण त्याचं काय करता येईल ते शोधून काढतात. “पाच काकूंच्या नावावर” असं लिहायला कुणी शिकवलं नव्हतं.

आता मॅट्स स्टीनबद्दल.

मॅट्स नॉर्वेचा. ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी हा स्नायू झिजवत नेणारा आजार घेऊन जन्मला. चालणं गेलं, चाकाची खुर्ची आली, हळूहळू हातांचंही बळ जात राहिलं. दिवसाचा मोठा भाग तो ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या खेळात घालवायचा. आईवडिलांचा जीव तुटायचा: आपल्या मुलाला मैत्री मिळाली नाही, प्रेम मिळालं नाही, कुणाच्या उपयोगी पडण्याचं समाधान मिळालं नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये, २५ व्या वर्षी, तो गेला. त्याचा एक ब्लॉग होता; त्याचा पासवर्ड तो ठेवून गेला होता. वडिलांनी त्यावर मृत्यूची बातमी लिहिली आणि खाली आपला ईमेल पत्ता दिला. कुणी वाचेल असं त्यांना फारसं वाटत नव्हतं.

उत्तरं येऊ लागली ती थांबेचनात. देशोदेशींची माणसं लिहीत होती आणि एका ‘इबेलिन’बद्दल बोलत होती. ते मॅट्सचं खेळातलं नाव: धडधाकट, देखणा, शहाणा गुप्तहेर. तो आणि त्याच्या ‘स्टारलाइट’ या गिल्डचे, म्हणजे खेळातल्या मंडळाचे, लोक वर्षानुवर्षं एकत्र होते. एका डच मुलीच्या आईवडिलांनी तिचा संगणक काढून घेतला, ती कोलमडली, तेव्हा मॅट्सनं त्या आईवडिलांना पत्र लिहून समजावलं होतं. डेन्मार्कमधल्या एका आईला तिच्या ऑटिस्टिक मुलाला जवळ घेता येत नव्हतं. मॅट्सनं सुचवलं की त्याच्याबरोबर खेळात या. त्या मायलेकांची पहिली मिठी पडद्यावर झाली आणि नंतर घरात.

त्या खेळात राक्षस मारला की गुण मिळतात, चिलखत मिळतं, पातळी वाढते. कुणाचं रडणं रात्री दोन वाजेपर्यंत ऐकलं तर काहीही मिळत नाही. त्याची नोंद करायला खेळात जागाच नाही. मॅट्स जे करत होता ते सगळं त्या न नोंदलेल्या जागेतलं होतं.

तो संत नव्हता. भांडायचा, कधी लागेल असं बोलायचा, कधी खेळातल्या प्रेमात एकाच वेळी दोघींना दुखवायचा. आणि त्यानं आपला आजार या मित्रांपासून कितीतरी वर्षं लपवला. कुणी प्रत्यक्ष भेटूया म्हटलं की टाळायचा. मग हा खरेपणा कसा, असं कुणी विचारेल. मी यावर खूप विचार केला आहे. माणसांनी आपल्याला खुर्चीकडे पाहून नव्हे, आपल्याकडे पाहून ओळखावं, एवढं त्याला हवं होतं, आणि बाहेरच्या जगानं ते त्याला कधी मिळू दिलं नव्हतं. वारीत शेजारी चालणाऱ्याला ‘माऊली’ म्हणताना आपण त्याची जात विचारत नाही, पगार विचारत नाही, घरी काय झालंय ते विचारत नाही. त्या न विचारण्यात केवढी मोकळीक असते हे चालणाऱ्याला ठाऊक असतं. मॅट्सनं शेवटच्या काळात ब्लॉगवर सगळं लिहिलं, आणि मित्रांपैकी कुणीही मागे हटलं नाही.

त्याच्या अंत्यविधीला गिल्डमधली काही माणसं वेगवेगळ्या देशांतून ऑस्लोला आली. शवपेटीवर गिल्डचा ध्वज ठेवला गेला. त्यांच्यातला एकजण बोलला: नेदरलँड्समधल्या एका वर्गात, आयर्लंडमधल्या एका कॉल सेंटरमध्ये, स्वीडनमधल्या एका ग्रंथालयात या क्षणी मॅट्ससाठी मेणबत्ती जळते आहे. ज्या मुलाला कुणी नाही असं आईवडिलांना वाटत होतं त्याचं गणगोत इतकं पसरलेलं होतं. ‘न लगे मुक्ती धनसंपदा, संतसंग देई सदा’ हे तुकोबांचं मागणं मी जन्मभर आरतीच्या शेवटी म्हणत आले. मुक्ती नको, पैसा नको, फक्त चांगल्या माणसांची सोबत हवी, हे मागणं किती धीट आहे ते मला या परदेशी मुलाची हकीकत वाचताना उमगलं.

मॅट्सच्या जगण्यावर चित्रपट आल्यानंतर, २०२४ च्या अखेरीस, खेळाच्या कंपनीनं ‘रेवेन’ नावाचं कोल्ह्याचं पिल्लू विकायला ठेवलं. नॉर्वेजियन भाषेत रेवेन म्हणजे कोल्हा. पैसे दिले की ते पिल्लू खेळात तुमच्या मागे मागे फिरायचं, आणि ते पैसे ड्युशेनवरच्या संशोधनाला मदत करणाऱ्या संस्थेला जायचे. म्हणजे पुन्हा बक्षीस, पुन्हा मोहर. विकत घेणाऱ्यांपैकी कितीजणांना मॅट्स ठाऊक होता आणि कितीजणांना फक्त कोल्हा गोड वाटला, हे कुणी तपासलं नाही आणि तपासूही नये. आज या आजाराची पोरं जगभर वाढताहेत. त्यांच्या औषधाच्या शोधाला कोल्ह्यासाठी दिलेला पैसाही तितकाच लागतो. भाचा हा खेळ खेळत नाही. तरी मी त्याला रेवेनची गोष्ट सांगितली तेव्हा त्यानं लगेच विचारलं, “अजून मिळतो का गं तो?”